फ्लक्स रिमूव्हर स्प्रे आणि आयपीए: सोल्डरिंगनंतरच्या सफाईसाठी काय घ्यावे

सोल्डरिंग झाल्यावर बोर्डावर उरणारा पिवळट-तपकिरी, चिकट थर, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या फ्लक्सचा अवशेष, काढण्यासाठी बहुतेक जण दोन वस्तूंपैकी एक वापरतात. पहिली म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला कामाच्या टेबलावर सगळे आयपीएच म्हणतात, आणि दुसरी म्हणजे तोंडाशी छोटा ब्रश बसवलेला फ्लक्स रिमूव्हरचा स्प्रे. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या डब्याचे नसून या दोन प्रकारांचे आहे. माझे मत आधीच सांगतो. हाताने सोल्डर केलेल्या आणि राळेचा फ्लक्स वापरलेल्या बोर्डासाठी आयपीए पुरते, आणि स्प्रे आपली किंमत वसूल करतो तो फक्त चपट्या चिपच्या पोटाखाली, जिथे ब्रश पोचत नाही. दोन्हींच्या वेष्टनावर ‘मागे काही उरत नाही’ असे ठळकपणे छापलेले असते. ते विधान द्रावकापुरते खरे आहे, कारण द्रावक उडून जातो. मात्र त्यात विरघळलेला फ्लक्स उडत नाही, आणि या दोन वस्तूंची पारख करताना माझे लक्ष मुख्यतः तिथेच असते.

कोणता द्रावक चालेल हे आधी फ्लक्सच ठरवतो, म्हणून थोडे त्याविषयी. पाइनच्या चिकापासून मिळणारी राळ हा पारंपरिक फ्लक्सचा मुख्य घटक असून तिच्यात अबिएटिक आम्ल आणि त्याच्या कुळातली इतर आम्ले असतात. तापल्यावर ती पातळ होऊन तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाते, आणि थंड झाल्यावर काचेसारखी घट्ट होऊन निष्क्रिय बसते. शुद्ध राळ विजेची दुर्वाहक असते आणि हवेतली आर्द्रता सहज शोषत नाही. म्हणूनच जुन्या रेडिओंच्या जोडांवर राळेचे थेंब वर्षानुवर्षे तसेच राहिलेले दिसतात आणि त्यांच्यामुळे काही बिघडलेले नसते. अडचण येते ती राळेत मिसळलेल्या ॲक्टिव्हेटरमुळे. हे क्षार आणि सेंद्रिय आम्ले असतात, ओल मिळाली की त्यांचे आयन मोकळे होतात, आणि शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटांमध्ये) व्होल्टेज असेल तर त्या वाटेने गळती सुरू होते. ओल, आयन आणि व्होल्टेज ही तिन्ही बराच काळ एकत्र राहिली, तर धातूचे आयन एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे सरकून झाडाच्या फांद्यांसारखी बारीक वाढ होते, आणि ती पलीकडे टेकली की शॉर्ट होतो.

जे-एसटीडी-००४ या मानकानुसार फ्लक्सच्या डब्यावर आरओएल०, आरओएल१, ओआरएच१ अशी अक्षरे छापलेली असतात. पहिली दोन अक्षरे फ्लक्स कशाचा आहे ते सांगतात, म्हणजे आरओ असेल तर राळ आणि ओआर असेल तर सेंद्रिय. तिसरे अक्षर त्याची तीव्रता दाखवते, आणि शेवटचा आकडा हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड यांसारखे क्षार) आहे की नाही हे सांगतो. सफाईचा द्रावक विकत घेण्याआधी ही चार चिन्हे वाचावीत, एवढे मी आग्रहाने सांगेन, कारण ओआर गटातले पाण्यात विरघळणारे बरेच फ्लक्स या परीक्षणातल्या दोन्ही वस्तूंना दाद देत नाहीत. त्यांना गरम आणि आयनविरहित पाणीच लागते. त्यांचा अवशेष तांबे खाणारा असल्याने तो त्याच दिवशी धुवावा लागतो, आणि अशा बोर्डावर स्प्रे मारून तो चकचकीत दिसला म्हणून समाधान मानणे धोक्याचे आहे.

आता आयपीए. राळ त्यात चटकन विरघळते, बोर्डाच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) पत्र्याला आणि सोल्डर मास्कला, म्हणजे वरच्या संरक्षक लेपाला, त्याचा त्रास होत नाही, आणि घटकांवरची छापील अक्षरेही सहसा टिकतात. ते ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्यामुळे ब्रशने घासायला पुरेसा वेळ मिळतो आणि तरीही ते थोड्या मिनिटांत वाळते. वेगाच्या बाबतीत ते स्प्रेच्या मागे पडते, पण मी याला दोष मानत नाही, कारण सफाईत द्रावक ओला राहण्याचा काळच उपयोगी असतो.

शुद्धतेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे आयपीए जंतुनाशक म्हणून तयार केलेले असते. त्यात उरलेला भाग पाणी असते, आणि हातांना लावायच्या प्रकारांत ग्लिसरीनसारखे पदार्थही असू शकतात, जे बोर्डावरच राहून जातात. पाणी जास्त असले की राळ नीट विरघळत नाही, पांढुरकी होऊन जागीच बसते. शिवाय आयपीए आणि पाणी यांचे सुमारे ८८ टक्के आणि १२ टक्के वजनाचे मिश्रण एकत्रच उकळते, त्यामुळे एकदा ओलसर झालेले आयपीए घरगुती ऊर्ध्वपातनाने पुन्हा ९९ टक्क्यांवर नेता येत नाही, आणि तसा प्रयत्न ज्वालाग्राही वाफेमुळे करूही नये. आयपीए हवेतली ओल स्वतःहून ओढून घेते. दाबले की वर थोडे आयपीए येते अशा झाकणाची बाटली टेबलावर सोयीची असते, पण तिच्यात दिवसाच्या कामापुरतेच भरावे आणि मोठा डबा घट्ट बंद ठेवावा.

आयपीएविषयीची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे वाळल्यावर उरणारा पांढरा थर. तो दोन वेगळ्या कारणांनी येतो, आणि कारण ओळखल्याशिवाय केलेला उपाय लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात राळ विरघळली, आयपीएबरोबर सगळ्या बोर्डावर पसरली आणि द्रावक उडाल्यावर पातळ, चिकट पापुद्र्याच्या रूपाने पुन्हा बसली. याचा उपाय सोपा आहे: आयपीए ओले असतानाच धागे न सोडणारे कापड बोर्डावर पसरावे, कापडावरून ब्रशने ठोकावे म्हणजे द्रावण कापडात ओढले जाते, कापड बदलावे आणि ताज्या आयपीएने पुन्हा तेच करावे. कापडावर पिवळटपणा येईनासा होईपर्यंत हे चालू ठेवायचे. पहिल्या फेरीतला ब्रश दुसऱ्या फेरीत तसाच वापरला, तर काढलेली राळ परत बोर्डावर जाते. त्यामुळे मी दोन ब्रश वेगळे ठेवतो.

दुसऱ्या प्रकारचा पांढरा थर ॲक्टिव्हेटरच्या क्षारांचा असतो. शुद्ध आयपीए वरचे राळेचे आवरण काढून टाकते, पण आयनांचे क्षार विरघळवण्यात ते कमी पडते, कारण त्या कामासाठी पाणी लागते. बोर्डावरचे आयनिक प्रदूषण मोजण्याच्या रोझ चाचणीत ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के आयनविरहित पाणी असे मिश्रण वापरतात ते याचसाठी, म्हणजे आयपीएने राळ सुटावी आणि पाण्याने क्षार. हाच क्रम टेबलावरही उपयोगी पडतो. आधी ९९ टक्क्यांच्या आयपीएने राळ पूर्ण काढावी, मग या मिश्रणाने एक फेरी करावी, आणि शेवटी पुन्हा शुद्ध आयपीए ओतून पाणी बाहेर काढावे. साध्या नळाच्या पाण्याने हे करू नये, कारण त्यातले क्षार बोर्डावर बसतात आणि एक प्रदूषण काढून दुसरे आणल्यासारखे होते.

शिसेविरहित सोल्डरने काम करणाऱ्यांना आयपीए आणखी थोडे कमी वाटेल. ६३-३७ प्रमाणाचे कथील-शिसे १८३ अंशांना वितळते, तर कथील, चांदी आणि तांबे यांच्या एसएसी३०५ मिश्रधातूला २१७ ते २२० अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत, विशेषतः टोक जोडावर जास्त वेळ टेकलेले राहिले तर, राळ करपून गडद होते आणि तिचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ती अल्कोहोलला जुमानत नाही. असा थर असल्यास मी आधी त्यावर थोडा ताजा राळेचा फ्लक्स लावून जोड पुन्हा हलकेच तापवतो, आणि जुना थर मऊ झाल्यावर लगेच घासतो. जुन्या राळेवर नवी राळ लावणे हे ऐकायला उलटे वाटते, पण कोरडे घासून सोल्डर मास्क खरवडण्यापेक्षा ते बरे.

स्प्रेकडे वळू. त्याची ताकद दोन गोष्टींत आहे, द्रावकात आणि दाबात. चपट्या क्यूएफएन चिपखाली बोर्ड आणि चिप यांच्यात केसाएवढीही फट नसते आणि फ्लक्स तिथेच अडकून बसतो. तिथे ब्रशचे केस शिरत नाहीत, आणि ओतलेले आयपीए आत गेले तरी बाहेर वाहत नाही. बोर्ड उभा, थोडा तिरका धरून बारीक नळीने चिपच्या वरच्या कडेपासून फवारा मारला, की द्रावण खालच्या कडेने निघते, आणि ते टिपायला खाली कापड ठेवले तर त्याचा रंगही पाहता येतो. जवळजवळ बसलेल्या पिनांच्या कनेक्टरमागेही हाच उपयोग होतो. या कामात स्प्रेला माझ्याकडे पर्याय नाही, आणि त्यासाठी एक डबा कायम ठेवावा असे मी म्हणेन.

तोंडाशी बसवलेल्या ब्रशबद्दल मात्र माझे मत तितकेसे चांगले नाही. झडप दाबत ब्रशने घासण्याची कल्पना आकर्षक आहे, पण तोच ब्रश विरघळलेला फ्लक्स घेऊन पुढच्या जोडावर जातो, आणि त्याला वेगळे धुण्याची सोय बहुतेक डब्यांत नसते. मी ब्रश काढून नळी लावतो. शिवाय स्प्रेचा द्रावक फार झपाट्याने उडतो, त्यामुळे राळ पूर्ण वाहून जाण्याआधीच बोर्ड कोरडा होतो आणि तो पहिल्या प्रकारचा पांढरा पापुद्रा इथे अधिक लवकर दिसतो. उडणारा द्रावक बोर्डातली उष्णताही घेऊन जातो. हवा दमट असेल तर थंड झालेल्या तांब्यावर दव जमते, आणि ज्या ओलीपासून बोर्ड वाचवायचा तीच आपण आणून ठेवतो. लांब, सलग फवारा टाळला आणि नंतर बोर्ड ५० अंशांच्या आसपास कोमट हवेत वाळवला तर हे निभावते.

डब्यात नेमके काय आहे याकडे बहुतेक खरेदीदार पाहत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने स्प्रे नापसंत करण्याचे सर्वांत वाजवी कारण हेच आहे. एकेकाळी फ्लक्स काढण्यासाठी सीएफसी-११३ वापरत असत. ते जळत नसे, प्लास्टिकला जपत असे आणि भेगांमध्ये सहज शिरत असे, पण ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्याची जागा घ्यायला आलेल्या द्रावकांचे गुण एकसारखे नाहीत. काही डब्यांत ट्रान्स-डायक्लोरोएथिलीन आणि फ्लोरिनयुक्त द्रावकांचे मिश्रण असते, काहींत नुसते आयपीए आणि हायड्रोकार्बन, तर काहींत ॲसिटोन. एन-प्रोपिल ब्रोमाइड असलेले काही क्लीनरही बाजारात आले. त्या द्रावकाच्या दीर्घ संपर्काने मज्जासंस्थेला इजा होते, म्हणून ते नाव दिसले तर डबा परत ठेवावा. ॲसिटोन एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिकला विरघळवते किंवा तडे पाडते, त्यामुळे कनेक्टर आणि डिस्प्ले असलेल्या बोर्डावर असा स्प्रे म्हणजे दुरुस्तीऐवजी नवा खर्च. डब्यावर घटक लिहिलेले नसतील आणि सुरक्षा माहितीपत्रकही मिळत नसेल, तर त्यावर ‘व्यावसायिक दर्जा’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो, मी तो घेणार नाही.

नो-क्लीन फ्लक्सवर या दोन्हींचा वापर करावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नो-क्लीनचा अवशेष बोर्डावर राहावा अशाच हेतूने बनवलेला असतो. पूर्ण तापमानाला पोचल्यावर त्यातला ॲक्टिव्हेटर बराचसा खर्च होतो आणि उरलेला रेझिनच्या कठीण आवरणात बंद होतो. आयपीएने वरवर पुसले, तर ते आवरण फुटते आणि आतली आम्ले उघडी पडतात, म्हणजे पुसलेला बोर्ड न पुसलेल्यापेक्षा वाईट अवस्थेत जातो. त्यामुळे एकतर त्याला हात लावू नये, नाहीतर शेवटपर्यंत साफ करावे. हाताने सोल्डर करताना फ्लक्स भरपूर सांडलेला असेल आणि त्याचा काही भाग तापलाच नसेल, तर मात्र ‘नो-क्लीन’ या नावावर विसंबू नये, कारण न तापलेला फ्लक्स सक्रियच राहतो. अशा ठिकाणी स्प्रेचे मिश्र द्रावक आयपीएपेक्षा सरस ठरतात. नो-क्लीनमधली कृत्रिम रेझिन्स अल्कोहोलमध्ये तितकीशी विरघळत नाहीत, आणि इथे स्प्रेला मी मोकळेपणाने अधिक गुण देतो.

सफाई झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवणे फसवे आहे. चकचकीत बोर्डावरही आयन असू शकतात. मी तिरप्या प्रकाशात भिंगाने जोडांच्या मुळाशी पाहतो, आणि अतिनील टॉर्चखाली राळेचे अवशेष अनेकदा निळसर-पांढरे चमकतात, त्याचा फायदा घेतो. उच्च रोधाच्या परिपथांत खरी परीक्षा मापनातच होते. पृष्ठभागावरच्या रोधाच्या चाचणीत १०० मेगाओहम ही नेहमीची उत्तीर्णतेची मर्यादा आहे. पण ५ व्होल्टला तेवढ्या रोधातून ५० नॅनोॲम्पिअर वाहतात, आणि ज्या ऑप-ॲम्पला (सूक्ष्म संकेत वाढवणाऱ्या चिपला) एक पिकोॲम्पिअर इनपुट प्रवाह लागतो त्याच्यासाठी ही गळती ५०,००० पट आहे. पीएच मीटरच्या इनपुटसारख्या जागी म्हणूनच नुसते उत्तीर्ण होणे पुरत नाही. घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्झ क्रिस्टलचेही तसेच आहे. त्याच्या ऑसिलेटरमध्ये दहा मेगाओहमच्या आसपासचा फीडबॅक रोध असू शकतो, आणि पिनांमध्ये उरलेला फ्लक्स त्याला समांतर वाट देऊन दोलन सुरूच होऊ देत नाही. घड्याळ पावसाळी हवेत मागे पडते किंवा बंद पडते आणि कोरड्या दिवशी पुन्हा चालते, असे दिसले की क्रिस्टल बदलण्याआधी त्याच्या पिना धुऊन पाहाव्यात.

उद्योगात दीर्घकाळ १.५६ मायक्रोग्रॅम सोडियम क्लोराइड प्रति चौरस सेंटिमीटर ही रोझ चाचणीची स्वीकार्य मर्यादा मानली जात होती. ती जुन्या काळच्या बोर्डांवरून आलेली होती, आणि २०१८ मध्ये सोल्डर केलेल्या बोर्डांच्या जे-एसटीडी-००१ मानकातून सरसकट लागू होणारी मर्यादा म्हणून ती काढण्यात आली. आता उत्पादकाने आपला फ्लक्स, बोर्ड आणि सफाई यांच्या जोडीला साजेसा पुरावा द्यायचा असतो. काही स्प्रेच्या जाहिरातींत हा जुना आकडा अजूनही शिफारशीसारखा दिसतो. तो वाचून भारावून जाऊ नये.

ब्रशबद्दल थोडक्यात. साध्या नायलॉनच्या ब्रशने घासताना स्थिर वीज तयार होते, म्हणून वीजवाहक केसांचा ब्रश घ्यावा. कापसाची काडी जोडांच्या टोकांवर तंतू सोडते आणि ते तंतू ओल धरून ठेवतात. अल्ट्रासॉनिक यंत्र कमी श्रमात जास्त बोर्ड धुते, पण ते साधारण ४० किलोहर्ट्झवर चालते, क्रिस्टल आणि मेम्स सेन्सर (चिपमध्ये सूक्ष्म हलते भाग असलेले सेन्सर) यांना त्याच्याने इजा होऊ शकते, आणि त्याच्या टाकीत आयपीए ओतणे हे सरळ आगीला आमंत्रण आहे. त्याच्यासाठी पाण्यातले अल्कधर्मी क्लीनर मिळतात, जे राळेच्या आम्लांचा साबण करून त्यांना पाण्याबरोबर बाहेर काढतात.

आयपीएचा ज्वलनबिंदू सुमारे १२ अंश आहे, म्हणजे खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते; ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलाखाली साचते. सोल्डरिंग आयर्न बंद करून, थंड झाल्यावरच बाटली उघडावी. अनेक स्प्रेमधला दाबवायूही जळणारा असतो, तेव्हा हाच नियम तिथेही लागू होतो. बोर्डावरची बॅटरी आधी काढावी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीजपुरवठा जोडू नये. घटकांखाली अडकलेले द्रावण वरून कोरडे दिसणाऱ्या बोर्डावरही बराच वेळ ओले राहते.

शेवटी, कोणते घटक धुऊच नयेत. न सीलबंद रिले, ट्रिमर, पोटेन्शिओमीटर, मायक्रोफोन, वायुदाब आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर यांच्या आत द्रावक गेला, की तो विरघळलेली राळ आतच सोडतो आणि ती संपर्कांवर बसते. पिझो बझरच्या छिद्रावर जो कागदी तुकडा चिकटवलेला येतो तो धुलाईसाठीच असतो. सफाई आणि वाळवणी झाल्यावरच तो काढावा. ज्या घटकांना असे संरक्षण नसते, ते मी बाकीचा बोर्ड धुऊन झाल्यावर बसवतो, आणि त्यांचे जोड तेवढ्यापुरते आयपीएत भिजवलेल्या कापडाने एकेक करून पुसतो. या पुसण्यात स्प्रेला मज्जाव असतो.